काकांचा फोन

आमच्या चर्चच्या बायबल अभ्यासाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक काका आहेत, चिकलठाण्याच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते एका बोटानं टाइप करतात. प्रत्येक मेसेज आमच्या ख्रिस्ती रीतीच्या ‘सलाम’नं सुरू होतो, मग ‘तुमचं म्हणणं मला असं समजलं, चुकलं आसंल तर सांगा.’ एखाद्याचं पटलं नाही तर ते ग्रुपवर लिहीत नाहीत. आधी त्याला फोन करतात. मला या सगळ्याचा लई कंटाळा यायचा.

परवा चर्चच्या मंडळीतल्या, नोकरी गेलेल्या एका भावाच्या घरी किराणा द्यायचा का, यावर चर्चा चालली होती. मी ठणकावून लिहिलं, ‘जो स्वतःला मदत करतो, त्यालाच देव मदत करतो. बायबलच सांगतं.’ लगेच काकांचा फोन आला. मी कट केला. पुन्हा आला. तेव्हा मी ग्रुपवरच टाकलं, ‘काका, फोन करण्यापेक्षा बायबल वाचत जा.’ चार-पाच जण इमोजी टाकून हसले.

काकांनी लिहिलं, ‘सलाम भाऊ. व्हय, वाचनात कमीच पडतो मी.’

नंतर मी ते वचन शोधायला बसलो. बायबलमध्ये ते कुठंच नव्हतं.

रविवारी चर्चमध्ये त्यांनी सरकून मला बाकावर जागा दिली. मी हळूच म्हणालो, “काका, चुकलो. तसं वचन नाहीच.”

“तेच सांगायला फोन केला व्हता,” ते म्हणाले. “चारचौघांत कशाला?” आणि गीतांचं पुस्तक माझ्याकडं सरकवलं.

ग्रुपवर माझा मेसेज अजून तसाच आहे. त्यांचा अपमान मी सगळ्यांसमोर केला. माफी मात्र कानात मागितली.