शेंड्याचा मणी आणि व्हॉल्व्हची पेटी

आमच्या ह्यांना गाणी ऐकायला एक व्हॉल्व्हची पेटी घ्यायची होती. एक पेटी घ्यायला माणसाला किती दिवस लागावेत? माझ्या धाकट्या जावेनं तेवढ्या वेळात सून आणली, तिचं डोहाळजेवणही उरकलं, अन् आमची पेटी आपली ट्रायलवरच.

ह्यांचं नाव गोरक्ष. उखाण्याशिवाय घेतलं, सासूबाई असत्या तर माझी धडगत नव्हती. दिंडोरीला आमची द्राक्षबाग. आता ती पुतण्या बघतो आणि आम्ही दोघं नाशकात, म्हसरूळच्या घरात राहतो. तीस वर्षं ह्यांनी परदेशी जाणारी द्राक्षं पिकवली. व्यापारी आला की घडाच्या वरचा मणी तोडून तोंडात टाकायचा आणि मान डोलवायचा. हे मात्र घडाच्या शेंड्याचा, म्हणजे अगदी खालच्या टोकाचा मणी तोडायचे. वरचे मणी आधी गोड होतात, शेंड्याचा सगळ्यात शेवटी. तो गोड लागला तरच बाग तोडायची.

इथवर ठीक होतं. पण माणूस सगळ्याच गोष्टीत शेंडा शोधायला लागला तर कसं व्हायचं? मला बघायला आले तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. कांदेपोहे खाल्ले आणि माझ्या सगळ्यात धाकट्या भावाशी तासभर गप्पा मारत बसले. भाऊ तेव्हा सातवीत. जाताना म्हणाले, "पोरगा चांगला हाय, म्हणजे घर चांगलं हाय." झालं लग्न!

तर ही पेटी. कॉलेजात असताना हे नाशकात एका मास्तरांच्या घरी खोली घेऊन राहायचे. मास्तरांकडे काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा, तबकड्या वाजवायचा संच होता आणि रविवारी सकाळी एका बाईंच्या ठुमरीची तबकडी लागायची. गाणं सुरू व्हायच्या आधी नुसता तंबोरा वाजतो, आणि त्यात बाईंच्या हातातली बांगडी एकदा, फक्त एकदा, किणकिणते. "ती बांगडी वाजली ना," हे सांगायचे, "की बाई समोर सतरंजीवर बसलीय असं वाटायचं." पुढं बाग आली, छाटण्या आल्या, डावणी-भुरीसारखे वेलींचे रोग आले. तबकडी राहिली ती राहिलीच.

बाग सोडल्यावर ह्यांनी तीच तबकडी जुन्या बाजारातून हुडकून आणली. मग ती वाजवायचं यंत्र आणलं. मग माझ्या कपाटाएवढे दोन स्पीकर आले आणि माझी शोभेची झाडं गच्चीत गेली. गाणं लागलं. गाणं छानच. पण हे तोंड पाडून बसले. "बांगडी नाय वाजली."

मग कोणीतरी सांगितलं की दोष प्रीअँपमध्ये आहे. प्रीअँप म्हणजे एक पेटी. तबकडीवरची सुई जो बारीकसा आवाज उचलते, तो ही पेटी आधी नीटनेटका करते आणि मग पुढं मोठ्या यंत्राकडं पाठवते. सातपूरला ललित नावाचा एक तरुण अशा पेट्या हातानं बनवतो. वर काचेचे व्हॉल्व्ह, देवघरातल्या समईसारखे मंद पेटतात. हे त्याला म्हणाले, "मला आवाजात ऊब पाहिजे. पण बारीकातलं बारीकही कानावर आलं पाहिजे."

"ऊब पाहिजे तर घोंगडी घ्या," मी स्वयंपाकघरातून पुटपुटले. हे काही बोलले नाहीत. मी काहीही पुटपुटले तरी हे कधी उलट बोलत नाहीत. माहेरी मी ह्या सोशीकपणाचं केवढं कौतुक करून ठेवलं होतं!

ललितनं पहिली पेटी आणली. आवाज असा की खोलीत मऊ ऊन पडावं. हे डोळे मिटून ऐकत बसले आणि म्हणाले, "गोड हाय. पण वरचा मणी झाला हा. शेंड्याचा कुठाय?" गेली पेटी परत. दुसरी आली, तिचे व्हॉल्व्ह बदलले, मग त्या बदललेल्यांचेही बदलले. दर रविवारी दुपारी ललित यायचा, माझ्या हातची भाकरी खायचा आणि पेटी उचलून न्यायचा. गुणी पोरगा. एकदाही कपाळावर आठी नाही. मीच म्हणायचे, "बाबा, तू दुसरं गिऱ्हाईक बघ. ह्यांनी बायको सोडून काहीच एका फेरीत घेतलेलं नाही."

पाचवी पेटी आली तेव्हा मात्र हद्द झाली. आवाज इतका टोकदार की स्टीलच्या ताटावर कोणी चमचा घासतंय. मी भाकरी टाकून बाहेर आले. तंबोरा सुरू होता. तेवढ्यात बांगडी खणकन वाजली.

"वाजली हो तुमची बांगडी! आता तरी घ्या!"

"कुठं?" हे म्हणाले.

"आत्ता! आणि पहिल्या पेटीतही वाजली होती की. किती गोड वाजली होती! मला वाटलं, तुम्हाला त्याहून बारीक काहीतरी पाहिजे."

हे माझ्याकडं बघत राहिले. मी ललितकडं बघितलं. तो खाली मान घालून वायर गुंडाळायला लागला. "मलाही दर वेळी ऐकू येते, काकू," तो हळूच म्हणाला. "पण काकांना कसं सांगायचं?"

मी ह्यांच्या पाठीमागं गेले. माझ्या दोन्ही हातांत काचेच्या सहा-सहा बांगड्या असतात. लेक म्हणते आई, किती ग जुनाट, पण मी काही काढत नाही. उजवा हात ह्यांच्या कानाजवळ नेला आणि हलवला. मान वळली नाही. आणखी जोरात हलवला. हे समोर पेटीकडंच बघत होते.

इतकी वर्षं थट्टा केली त्या सगळ्या थट्टेची लाज वाटली. आणि तो सोशीकपणा! ह्यांनी माझं पुटपुटणं सोसलं नव्हतं, त्यांना ते ऐकूच गेलं नव्हतं.

"यंत्रात फॉल्ट हाय," हे आधी म्हणाले. मग म्हणाले, पडद्यांमुळं आवाज दबतो. ललित वायरच गुंडाळत राहिला. मग ह्यांनी स्वतःच पेटी बंद केली. "ब्लोअर," एवढंच म्हणाले.

खरं होतं. फुलोऱ्यात ढगाळ आलं की दिवसातून दोन-दोनदा फवारणी, ट्रॅक्टरमागं तो ब्लोअर तासन् तास कानाशी बोंबलतोय. मी कापसाचे बोळे द्यायचे. "बोळे घालून बागेत कोण जातं?" म्हणून हसायचे. मण्यावर डाग पडू दिला नाही ह्या माणसानं, अन् कान देऊन बसला.

दोन आठवडे तबकडी लागली नाही. कानाच्या डॉक्टरकडं मी जवळजवळ ओढतच नेलं. डॉक्टरांनी कानात घालायची मशिनं दाखवली, तर हे विचारतात, "यात व्हॉल्व्हचं नाय येत का? ऊब असती त्याला." डॉक्टर माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, तुम्ही लक्ष देऊ नका, आधी ट्रायलवर द्या, हे शेंडा बघितल्याशिवाय घ्यायचे नाहीत.

रविवारी ह्यांच्या कानांत ती मशिनं घातली आणि ललितला बोलावलं. त्यानं मुद्दाम पहिलीच पेटी आणली, ती ऊबदार. मी आत भाकऱ्यांना बसले. बाहेर तंबोरा लागला आणि मी पीठ मळता मळता हात थांबवला. बांगडी वाजली. दारातून डोकावले तर हे दोन्ही हातांनी डोळे पुसत होते आणि ललित खिडकीबाहेर आमचं शेवग्याचं झाड बघत होता. मग पूर्ण ठुमरी ऐकली, तबकडी उचलून ठेवली. पेटी ठरली, एकदाची ठरली!

मी परत आत येऊन भाकरी थापायला घेतली.

"ललित, बंद केलं ना रे?"

"हो काका."

"मग अजून वाजतंय ते काय?"

हे आत आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, माझ्या हातांकडं बघत. मी थापत होते.

"हे रोज वाजतं?"

"सदतीस वर्षं," मी म्हटलं. मला वाटलं आता परत पेटीकडं जातील. ह्यांनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि बसले.

"झाल्या का भाकऱ्या?"

"होत आल्या."

"अजून थाप," म्हणाले. "घाई नको करू."

ललितला चार बांधून दिल्या. तरी त्या दिवशी आम्हा दोघांच्या जेवणाला अकरा भाकऱ्या उरल्या.