गिरजामायच्या रेडिओचे नऊ कंडेन्सर

यादोराव भंडाऱ्याजवळच्या शहापूरचा. हायवेलगत त्याची रेडिओ दुरुस्तीची टपरी होती. मी वरठीला रेल्वेत गँगमन. ड्यूटी सुटली की सायकलनं त्याच्याकडे जाऊन बसायचो. रेडिओतल्या तापल्या काचेच्या व्हॉल्व्हचा आणि धुळीचा तो वास अजून नाकात आहे.

१९७८ च्या माघात गिरजाबाईनं तिचा जुना रेडिओ बैलबंडीतून आणला. नवरा गेल्यापासून सहा वर्षं तिनं तो कोणाला लावू दिला नव्हता. दर दिवाळीला पुसायची, तेवढंच. आता तिच्या धाकट्या भावाची, आनंदरावची, दंडारीची म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याची गाणी शनिवारी संध्याकाळी नागपूर आकाशवाणीवर लागणार होती. तिला ती याच रेडिओवर ऐकायची होती. रेडिओ नुसता घुमत होता.

"एवढा जपला, तरी काहून बिघडला रे?"

"जपला म्हणूनच, माय. चालू राहिला असता तं टिकला असता."

यादोरावनं रेडिओची मागची फळी काढली. आतल्या वीज साठवणाऱ्या नळकांड्यांचं, कंडेन्सरांचं, मेण ओघळलं होतं, मोठा तर सुकून फुगला होता. एकूण नऊ.

मी म्हटलं, "मोठाच बदलव. घुमणं जाईल. शनिवार तं निघते."

"अन् रविवारी? रुळाखालचे चार स्लीपर सडले असले तं एकच बदलवून घरी जातेस का तू?"

यादोराव कामाला लागला.

एक काढायचा, एक बसवायचा, डाक देऊन झाला की लावून ऐकायचं, मगच दुसरा. करंट थेट द्यायचा नाही, आधी मध्ये बल्ब जोडायचा. बल्ब भडकला की चूक. तीन दिवस तो असाच वाकून होता. शुक्रवारपर्यंत आठ कंडेन्सर बदलून झाले. मोठा मात्र भंडाऱ्यात मिळाला नाही, नागपूरहूनही आला नाही. यादोरावनं फळीवरचा स्वतःचा रेडिओ उतरवला. टपरीत तो दिवसभर वाजायचा. त्यात दसऱ्याला बसवलेला नवा कंडेन्सर त्यानं काढला आणि गिरजाबाईच्या रेडिओत लावला.

शनिवारी आम्ही गिरजाबाईच्या ओसरीवर जमलो. व्हॉल्व्ह तापायला अर्धं मिनिट लागलं. मग निवेदिका बोलली, पाठोपाठ आनंदराव. घुमणं नव्हतं. गिरजाबाई रेडिओच्या जाळीला कान लावून बसली होती. यादोराव उभाच.

दुसऱ्या गाण्याला ती म्हणाली, "पडसं झालं वाटते आनंद्याले. नाकातून म्हणून राहिला."

पडसंसुद्धा ओळखू यावं इतका आवाज स्वच्छ होता. तेव्हा कुठं यादोरावनं भिंतीला पाठ टेकली.