रोह्याच्या लॅबमधला डीएनए

आमच्या रोह्याच्या कॉलेजातली बायोलॉजीची लॅब म्हणजे दोन लांब टेबलं, चार मायक्रोस्कोप आणि कायम गळणारा एक नळ. रिटायर होताना माझं कपाट अर्ध्या दिवसात रिकामं झालं. किस्से मात्र अजून आवरून होत नाहीत! कोणी चहाला आलं की एखादा निघतोच.

नव्वदच्या दशकात सिलॅबस बदलला आणि डीएनए, जीन इंजिनिअरिंग वगैरे नवीन पाहुणे वर्गात आले. शिकवायला मी, आणि मदतीला आमचे लॅब अटेंडंट दत्ताराम. आम्ही दोघंही रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात राहायचो. त्यांचं शिक्षण सातवीपर्यंत, पण प्रश्न असे विचारायचे की मला पुस्तक उघडावं लागायचं.

*

पहिल्याच वर्षी ठरवलं, डीएनएचं माणसाच्या उंचीचं मॉडेल करायचं. तयार मॉडेल मुंबईहून मागवणं परवडणारं नव्हतं. दत्ताराम म्हणाले, “मॅडम, पेण जवळ असताना मूर्तीसाठी मुंबईला कशाला जायचं?”

झालं! गेलो पेणला. तिथे दत्तारामच्या ओळखीचे नाना म्हणून एक जुने मूर्तिकार होते. कारखान्यात शेकडो गणपती रंगाची वाट बघत बसलेले. मी नानांना चित्र दाखवलं. पिळाची शिडी, दोन बाजूंचे दोन कणे, मधे पायऱ्या. नानांनी चष्मा वर करून चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, “सोंड कुठली?”

“नाना, हा गणपती नाही हो!”

“ते दिसतंय मला. पन पीळ हाय ना? वळण उजवं की डावं?”

सहा महिने मी फळ्यावर तो पीळ काढत होते. हात जसा वळेल तसा! कधी उजवा, कधी डावा. एकाही मुलानं विचारलं नव्हतं आणि मीही स्वतःला विचारलं नव्हतं.

रोह्याला परत आले, लायब्ररीत बसले, मोठी पुस्तकं काढली. आपल्या पेशींमधला डीएनए उजव्या वळणाचा. गवतात तोच, बेडकात तोच, माणसात तोच. पुढच्या रविवारी नानांना सांगितलं, “उजवा.”

नानांनी मान डोलावली. “मंग कडक काम! उजव्या सोंडेच्याला चूक चालत नाय.”

मॉडेल इतकं सुरेख झालं की बघत राहावं. ते घ्यायला गेले तेव्हा मी कौतुकानं आमचं पाठ्यपुस्तक सोबत नेलं होतं. नानांनी कव्हरवरचं चित्र पाहिलं, मग मॉडेल पाहिलं, आणि पुस्तक माझ्या हातात परत दिलं.

“ही डावी हाय. ज्यानं काढलीय त्याला विचारा, आरशात बघून काढली काय?”

*

मग कांद्याचं प्रॅक्टिकल. कांदा वाटायचा, त्यात भांडी घासायची पावडर आणि मीठ घालायचं, गाळायचं, आणि वरून बर्फात ठेवलेलं स्पिरिट अलगद सोडायचं. जिथे दोन थर भेटतात तिथे पांढरे तंतू वर येतात. तो डीएनए!

आमच्या वर्गात मंगल नावाची मुलगी होती. वडखळच्या पलीकडे खाडीकाठचं गाव, वडील मिठागरात कामाला. मीठ तिनंच आणलं होतं, कागदाच्या पुडीत, जाडंभरडं. ती विचारायला लागली, “मॅडम, यात मिठाचं काय काम?”

मी सांगितलं, “डीएनएचे धागे एकमेकांना दूर ढकलत असतात. मीठ त्यांचं भांडण मिटवतं, म्हणून ते जवळ येतात आणि आपल्याला दिसतात.”

मंगलनं काचेच्या कांडीवर तंतू गुंडाळून वर उचलला. साध्या कांद्याच्या पोटातून निघालेला, कापसासारखा, ओला धागा. तिनं तो स्पिरिटच्या नळीत घालून घरी न्यायची परवानगी मागितली.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, “वडील काय म्हणाले?”

“बराच वेळ उजेडात धरून बघत होते. मग म्हणाले, आमी जल्मभर पान्यातून मीठ काढला. मिठानं पन कायतरी काढून दाखवला, बरा झाला!”

*

डीएनए कापायला एन्झाइम लागतं. मुंबईच्या ट्रेनिंगमध्ये मला त्याची एक इवलीशी नळी मिळाली. थर्मासमध्ये बर्फ भरून ती घेऊन मी एसटीत बसले. आणि वडखळ नाक्याला गाडी बंद पडली! एप्रिल महिना, दुपारचा एक. दुसरी गाडी कधी येईल ते कंडक्टरलाही ठाऊक नव्हतं. थर्मास उघडला तर बर्फाचं पाणी व्हायला लागलेलं. ती नळी गेली असती तर वर्षभर पुन्हा मिळाली नसती, आणि मुलांना मी शब्द दिला होता.

नाक्यावर एक मासळीवाली बसली होती. मी थेट तिच्यापुढे थर्मास धरला. “मावशी, थोडा बर्फ द्या हो!”

“औषद हाय काय गो बाय?”

आता हिला काय सांगणार? म्हटलं, “औषध नाही. कातर आहे. फार बारीक कातर.”

तिनं पाटीतल्या पापलेटाखालचा बर्फ ओंजळीनं काढला, थर्मास गच्च भरला, आणि मग न राहवून म्हणाली, “ऐकलास काय! कातर, आनि ती उन्हान नासते? माजी कोयती बग, इतकी वर्सा उन्हान हाय!”

पैसे घेतले नाहीत. एन्झाइम टिकलं. नळीला शेवटपर्यंत मासळीचा वास येत होता, पण कातर चालली! एका डीएनएच्या जागी कापलेल्या तुकड्यांचे पाच पट्टे दिसले तेव्हा मुलांनी बाकं वाजवली.

*

ते पट्टे दिसायच्या आधीची एक फजिती सांगायलाच हवी. डीएनए जेलमधून, म्हणजे जेलीसारख्या लुसलुशीत वडीतून, विजेवर पळवायचा असतो; तुकडे वेगळे होऊन पट्टे दिसतात ते त्यातच. आमचा डबा घरगुती, साबणाच्या पेटीचा. पहिल्या दिवशी दत्तारामनी वायरी उलट जोडल्या. डीएनए कुठवर गेला ते कळावं म्हणून त्यात मिसळलेला निळा रंग पुढे सरकण्याऐवजी मागच्या मागे जेलमधून बाहेर पडला आणि डब्यातल्या पाण्यात विरून गेला. त्याच्यासोबत आमचा डीएनएही!

मला रडू यायचं बाकी होतं. दत्ताराम मात्र डब्यावर वाकून बघत होते.

“मॅडम, डोळे नाय, कान नाय, तरी कुठल्या बाजूला जायचं ते त्याला बरोबर कळलं! चुकलो ते आपण.”

*

याच दत्तारामची मुलगी सुनंदा. अकराव्या वर्षी तिला डायबेटिस निघाला. रोज दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन. तेव्हाचं इन्सुलिन जनावरांपासून काढलेलं असायचं. तिला ते सोसेना. टोचलं तिथे खाज, मग खड्डे पडायचे. पोर सुई बघितली की कोपऱ्यात जाऊन बसायची. दत्ताराम लॅबमध्ये काम करायचे, पण त्या दिवसांत त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नाही.

मग पेणच्या डॉक्टरांनी इन्सुलिन बदललं. महिन्याभरात खाज थांबली. पोर शाळेत जायला लागली.

एका शुक्रवारी प्रॅक्टिकल चालू असताना दत्तारामची बायको लॅबच्या दारात आली. हातात मोठा डबा आणि नवीन इन्सुलिनचं रिकामं खोकं.

“मॅडम, ह्याच्यावर ह्यूमन लिवलंय. म्हंजे मानसाचं ना?”

“हो.”

“मी वालाचं बिरडं आनलंय. ज्या मानसाचं हे काढतात त्याला पोचवाल काय? नाव तरी सांगा त्याचं.”

चौदा मुलं माझ्याकडे बघायला लागली. मी तिला टेबलाशी बसवलं आणि सांगितलं, की इन्सुलिन कसं बनवायचं ते आपल्या प्रत्येकाच्या डीएनएत लिहिलेलं असतं. शास्त्रज्ञांनी ते वाचलं. मग एकेक अक्षर जोडून तसंच्या तसं प्रयोगशाळेत तयार केलं, आणि एका जंतूच्या पोटात ठेवलं. तो जंतू आता ते वाचतो आणि बनवतो. कोणा एका माणसाचं काढलेलं नाही.

“म्हंजे कोनाचंच नाय?”

“नाही.”

तिनं खोक्यावरच्या त्या शब्दावर बोट ठेवलं. दत्ताराम नळापाशी पाठ करून उभे होते.

“पन सगल्यांच्यात लिवलंय?”

“सगळ्यांच्यात. तुमच्यातही. या पोरांच्यातही.”

ती उठली. लॅबमध्ये खायचं नाही हा नियम माझाच, म्हणून सगळ्यांना व्हरांड्यात ओळीनं बसवलं. दत्तारामनी केळीची पानं आणली. ती वाकून एकेकाच्या पानावर बिरडं वाढत पुढे सरकत होती, आणि प्रत्येकाला तेच सांगत होती,

“माज्या पोरीला दिलंस रे बाला. जेव.”