माझी गैरहजेरी, तिची ड्यूटी

"होळी एक दिवस असते. तू इतके दिवस कुठे मेली होतीस?"

सरांनी हे भर वर्गात विचारलं. मी दुसऱ्या बाकावर होते. बीएस्सीचं दुसरं वर्ष, कॉलेज शहाद्याजवळ, लोणखेड्याच्या बाजूला. हे सर आम्हाला केमिस्ट्री शिकवायचे आणि कॉलेजचा सांस्कृतिक विभागही त्यांच्याकडेच होता.

मी म्हटलं, "सर, आमच्याकडे होळी एका दिवसात होत नाही."

"तुम्हा लोकांना फी माफ. हॉस्टेल फुकट. आता नाचायला पगारी रजा पण पाहिजे का?"

वर्गाने दात काढले. मागच्या बाकावरून कोणीतरी तोंडाने ढोल वाजवला. मी खाली वहीत बघत राहिले. कान तापले होते. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही, एवढंच मनात होतं.

हेतल तेवढी हसली नाही. ती मोबाईलमध्ये बघत होती. हसली असती तर बरं झालं असतं. तिच्या लेखी मी हसण्याइतकीही नव्हते.

आता हेतलचं सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे. मी तिच्यावर जळायचे. आडपडदा कशाला? तापीकाठच्या गावातली, गुजर घरातली. शंभर एकराच्या गप्पा नकोत, पण केळीची बाग, उसाचं शेत, दारात ट्रॅक्टर, सगळं होतं. काका संस्थेच्या मंडळावर. ती स्कूटीवरून यायची. आयकार्ड गळ्यात नसलं तर आम्हाला गेटवरून परत पाठवायचे, तिला वॉचमन "या ताई" म्हणायचा. शनिवारी पांढरा ड्रेस सक्तीचा होता. माझ्याकडे एकच, वाळला नाही तर ओला घालून यायचे. ती निळ्या कुर्त्यात आली तर मॅडम विचारायच्या, "कुठून घेतला गं?" सर तिला "बेटा" म्हणायचे. मला "ए धडगाववाली". दोन वर्षं एका वर्गात, आणि सरांना माझं नाव माहीत नव्हतं.

तिचे केस मला आवडायचे. तिचा आवाज, तिचं न घाबरता उशिरा वर्गात शिरणं. डब्यातली तुपाची पोळी. ती अर्धी खाऊन टाकून द्यायची आणि माझ्या पोटात आग व्हायची. भुकेची नाही हो, हेव्याची.

त्या वर्षी माझ्या भावाने होळीचा नवस घेतला होता. आदल्या पावसाळ्यात तो फार आजारी होता, तेव्हा आईने बोललेला. आमच्या सातपुड्यात नवस घेतलेला माणूस बुध्या होतो. अंगावर राख आणि नक्षी, डोक्याला मोरपिसांचा टोप, कमरेला दुधी भोपळे आणि घुंगरू. त्याला पाळणी असते. अंघोळ नाही, खाटेवर बसणं नाही. एका गावची होळी झाली की दुसऱ्या गावची, असं फिरायचं आणि घरच्यांनी सोबत जायचं. आणि दुसरं म्हणजे आई-बाबा. ते दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातमध्ये जातात, ते होळीलाच येतात. मग परत जातात, हंगाम संपेपर्यंत. त्या सगळ्या महिन्यांत तेवढेच दिवस मी आईच्या शेजारी झोपते. आता तुम्हीच सांगा, मी जाऊ नको का?

गेले. आईने स्वतःच्या गळ्यातलं चांदीचं जाड कडं काढून माझ्या गळ्यात घातलं. रात्र रात्र रांगेत नाचले. परत जाताना आई म्हणाली, ऊसतोडीच्या पडावावर, त्या झोपड्यांत, चोऱ्या होतात, हे तुझ्या पेटीतच राहू दे. मी ते घेऊन हॉस्टेलला आले.

सरांच्या त्या बोलण्यानंतर आठवडाभराने हॉस्टेलची मावशी धावत आली. मावशी शहाद्याची, अहिराणीच बोलते.

"माय व माय! पोरी, तुन्हं नाव बोर्डवर लागेल शे. तू आठे काय करी ऱ्हायनी? जाय, देख!"

बोर्डावर परीक्षेला बसता न येणाऱ्यांची नावं होती. पंच्याहत्तर टक्के हजेरी नाही, तर परीक्षा नाही. नियम सर्व विद्यार्थ्यांना समान, असं खाली ठळक लिहिलेलं. नावं बघितली. बहुतेक पाडवी, वसावे, पावरा, वळवी, म्हणजे आम्ही आदिवासीच. माझंही होतं. परीक्षा नाही म्हणजे वर्ष गेलं. वर्ष गेलं म्हणजे स्कॉलरशिप बंद, हॉस्टेल बंद. हॉस्टेल बंद म्हणजे कोयता. आमच्या पाड्यात माझ्याएवढ्या मुली दोन वर्षांपासून उसाच्या मोळ्या बांधतात. मला माझं पुढचं सगळं त्या काचेच्या बोर्डात दिसलं.

मग माझं डोकं एका जागी अडकलं. हेतलचं नाव कुठे आहे? होळीच्या आधीही ती वर्गात नव्हती, नंतरही नव्हती. सर मला बोलले त्याच्या आदल्या दिवसापर्यंत तिचा बाक रिकामा होता, मी स्वतः बघितलेला.

कँटीनपाशी तिला गाठलं. "तुझं नाव कसं नाही गं?"

"अगं, आम्ही प्रॅक्टिसला होतो ना. स्पर्धेची. ती ड्यूटी धरतात."

"कसली प्रॅक्टिस?"

"आदिवासी होळी नृत्य." आणि मग हसून, अगदी प्रेमाने म्हणाली, "तुमचंच गं!"

तिने मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. बारा मुली. सगळ्यांना सारखं भाड्याचं लुगडं, पत्र्याचे दागिने, पायात पांढरे बूट. गाणं कुठल्यातरी सिनेमाचं, मध्ये मध्ये ढोल. आणि पहिल्या रांगेत मध्यभागी हेतल. टीमला विभागीय फेरीत पहिलं बक्षीस मिळालेलं.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी खरी होळी नाचले तर मी पळपुटी. तिने खोटी नाचली तर तिची ड्यूटी. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं! आणि तरी मनातल्या मनात मी काय म्हटलं सांगू? मी म्हटलं, मला का नाही घेतलं? मीही नाचले असते. बूट घालून नाचले असते. एवढा हेवा वाटत होता मला.

दोन दिवसांनी सरांनी केबिनमध्ये बोलावलं. या वेळी आवाज मऊ होता.

"हे बघ, टीम पुढच्या फेरीत गेली आहे. परीक्षक म्हणाले, पाऊल बरोबर नाही, दागिने खोटे वाटतात. तुमच्याकडे खरे असतील ना? तू मुलींना पाऊल शिकव. तुझी हजेरी मी लावतो. सांस्कृतिक ड्यूटी."

वर्ष वाचलं! माझ्या मनात फक्त हेच. मग धीर करून विचारलं, "सर, मी पण नाचू?"

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "टीम फिक्स आहे. स्टेजवर सगळ्या एकसारख्या दिसायला लागतात. तू विंगेत थांब. बॅगा वगैरे बघ."

मी "हो सर" म्हटलं. म्हटलं हो. परीक्षेचा प्रश्न होता.

प्रॅक्टिस हॉलमध्ये चालायची. मी पाऊल दाखवायचे. एकमेकींच्या कमरेत हात, खांद्याला खांदा, आणि सगळ्या रांगेने एकदम मागे सरकायचं. हेतल लवकर शिकली, हे खरं बोलायला पाहिजे. बाकीच्या "ईऽऽ, किती जवळ यायचं" करायच्या. तिसऱ्या दिवशी मी आईचं कडं नेलं. सरांनी ते हातावर तोलून बघितलं आणि हेतलला दिलं.

तिने गळ्यात घातलं. मला विचारलंही नाही. आरशासमोर उभी राहिली, वळली, केस मागे घेतले.

ती सुंदर दिसत होती. माझ्यापेक्षा सुंदर. माझ्या आईची चांदी तिच्या गोऱ्या गळ्यावर जास्त शोभत होती, आणि ते बघून मला रडायला आलं. तेवढ्यात सर म्हणाले, "फोटो, फोटो. पेपरला द्यायचाय." मुली रांगेत उभ्या राहिल्या. मी कडेला होते. सवयीने मीही शेजारच्या मुलीच्या कमरेत हात घातला.

"ए धडगाववाली, तू बाजूला हो. फ्रेममध्ये येतेस."

झालं.

मी बाजूला झाले. तिथून सरळ हेतलपाशी गेले. म्हटलं, "काढ."

"काय?"

"कडं काढ. माझ्या आईचं आहे."

"अगं, फोटो तरी होऊ दे."

"काढ म्हटलं ना!"

तिने काढलं. पहिल्यांदा ती मला घाबरली होती आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं.

सर ओरडले, "हजेरीचं विसर मग."

मी म्हटलं, "सर, होळीत नवस घेतलेला माणूस अंघोळ करत नाही, खाटेवर बसत नाही. माझी आई गुजरातमधून त्यासाठी आली. मी तिच्याबरोबर होते. ती तुमच्या वहीत गैरहजेरी. ह्या मुली बूट घालून इथे उड्या मारतात, ती ड्यूटी. माझी हजेरी लावायची नसेल तर ह्यांचीही लावू नका."

"तू मला नियम शिकवतेस?"

"हो सर. आणि माझं नाव धडगाववाली नाही."

कडं मुठीत धरून मी हॉलबाहेर पडले.

मी प्राचार्यांकडे गेले. ते चहा पीत होते. "नियम सगळ्यांना सारखा असतो, बाळ," म्हणाले. मी विचारलं, मग हेतलला वेगळा कसा? ते म्हणाले, तिचं कॉलेजसाठी होतं, तुझं वैयक्तिक होतं. मी विचारलं, सर, आमची होळी वैयक्तिक, मग ती नाचवून कॉलेजला बक्षीस कसं मिळालं? त्यांनी शिपायाला बोलावलं.

हॉल तिकीट मिळालं नाही.

परीक्षेच्या दिवशी मी गेटबाहेर उभी राहिले. मुद्दाम. सगळ्यांना आत जाताना बघितलं. हेतल स्कूटीवरून आली, माझ्याकडे बघितलं, मान वळवली. मला तिचं पेनसुद्धा हवं होतं त्या दिवशी. तिचं हॉल तिकीट, तिची खुर्ची, तिचा तो बिनघोर चेहरा, सगळं. ती तिसऱ्या वर्षाला गेली. मी दुसऱ्यातच.

बाबांनी फोनवर म्हटलं, पुरे झालं, ये आता, पुढच्या हंगामाला तू आणि आई एक जोडी. आम्ही घरी पावरी बोलतो, पण अर्थ हाच. मी नाही म्हटलं. बाबांना नाही म्हणणं सरांना नाही म्हणण्यापेक्षा अवघड होतं. आई मागून काहीतरी बोलली. मग बाबा म्हणाले, खाशील काय?

आता सकाळी कॉलेज, दुपारी केळी पॅकिंगला जाते. हेतलच्या गावच्या शिवारात, पण तिच्या बागेत नाही. तेवढं मी सांभाळते. बोर्डावर जी नावं होती त्यांतल्या काहींबरोबर खोली घेतली आहे. बाकीच्या घरी गेल्या. त्यांतल्या दोघी ऊसतोडीला आहेत.

लोक म्हणतात, ही जळते. हो, जळते. माझ्या पोटात दुखतं. तिला जे न मागता मिळतं ते मला मागूनही मिळत नाही, तर मी काय आरती ओवाळू? मला माझ्या हेव्याची लाज वाटायची. आता वाटत नाही. कुणाकडे काय आहे आणि माझ्याकडे का नाही, हे मला त्या हेव्यानेच शिकवलं.

होळी जवळ आली आहे. खोलीतल्या आम्ही सगळ्याजणी सोमवारी प्राचार्यांकडे जाणार आहोत. रजा मागायला नाही. आम्ही होळीला जातोय हे सांगायला, आणि त्या दिवसांची हजेरी लावा हे सांगायला. नाही म्हटलं तर विद्यापीठात जाऊ. तिथेही नाही म्हटलं, तर परीक्षेच्या दिवशी गेटबाहेर एकटी मी नसेन, आणि कोणाचीही स्कूटी आत जाणार नाही.