परतीची गल्ली

हुरमतबाई तडवीला अख्ख्या गावात एकाच बाईचा हेवा वाटायचा, आणि ती होती तिची धाकटी जाऊ, जैतून. जैतूनकडे सोनंनाणं नव्हतं, की शेतीवाडी नव्हती. चोपडा तालुक्यातल्या त्या डोंगरपायथ्याच्या गावात दोघीही सारखाच मोह वेचायच्या आणि सारखीच कपाशी निंदायच्या. फरक एवढाच, की जैतूनचं घर खालच्या गल्लीत होतं.

ईदच्या नमाजला जायचं एका वाटेनं आणि परतायचं दुसऱ्या, ही रीत. गावातली माणसं हुरमतबाईच्या वरच्या गल्लीनं जायची आणि खालच्या गल्लीनं परतायची. जाताना सगळे घाईत. गळाभेटी, शीरखुर्मा, पोरांची ईदी, सगळी मजा परतताना, म्हणजे जैतूनच्या ओट्यावर. हुरमतबाईच्या वाट्याला काय, तर पाठमोऱ्या टोप्या!

तेही तिनं सोसलं असतं, पण लुकमानचं काय? तो जैतूनचा मुलगा. बाळंतपणात जैतून अंथरुणाला खिळली, तेव्हा हुरमतबाईनंच त्याला चालायला लागेपर्यंत सांभाळलं. आता तो सुरतला साडीच्या कारखान्यात होता, ईदपुरता यायचा. नमाजला जाताना मोठ्या मायच्या दारात तोंड उघडून उभा राहायचा, ती एक खजूर भरवायची, की निघाला. परतताना मात्र आधी आईकडे. हुरमतबाईकडे येईपर्यंत पोट टम्म. दोन चमचे खाऊन वाटी खाली. हातानं वळलेल्या शेवयांचे हे हाल पाहून तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

यंदा तिनं कंबर कसली. नमाजला सगळ्यांच्या पुढे चालणारे म्हातारे सांडूबाबा. पहिल्या रोजापासून तिनं त्यांच्यामागे भुणभुण लावली. वाटा दोन असल्या म्हणजे झालं ना? मग उलट्या केल्या तर काय बिघडलं? शेवटी कंटाळून बाबा हो म्हणाले.

आणि ईदच्या सकाळी परतीची माणसं तिच्या दारात! ओटा भरला, पातेलं खाली झालं. लुकमाननं तीन वाट्या ओरपल्या. जैतूनच्या ओट्यावर आज माशा बसल्या असतील, या विचारानं हुरमतबाईला तर न खाताच गोड लागत होतं.

"झकास झाया," लुकमान वाटी ठेवत म्हणाला. "पन मोठी माय, तुना हातना खजूर राही गया. ईद लागनीच नई."

हुरमतबाईच्या हातातला चमचा तसाच राहिला. नमाजला जाण्याआधी तोंड गोड करायचं, म्हणून दर वर्षी ती तो खजूर द्यायची. ईदचा पहिला घास तो. इतकी वर्षं तो तिच्या हातचा होता, आणि तिनं तो कधी हिशेबात धरलाच नव्हता. आज खालच्या गल्लीनं जाताना लुकमाननं तो जैतूनच्या हातून खाल्ला होता.

दुपारी ती सांडूबाबांच्या दारात उभी राहिली. "बाबा, वाट पहिले होती तशीच करा."

"आता नाही," बाबा म्हणाले. "आत्ताच जैतून येऊन गेली. वाट अशीच राहू द्या म्हणते. इतकी वर्षं तिला म्हणे तुझ्या त्या खजुराचा हेवा वाटायचा."