अकरा पांढरे फोटो

माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या डायलवर एक हिरवा चौकोन आहे. डायल तिथे ठेवला की उजेड किती घ्यायचा, शटर किती वेगानं पाडायचं, सगळं कॅमेराच ठरवतो. भंडाऱ्याच्या दुकानदारानं कॅमेरा हातात देताना बजावलं होतं, "ताई, सहा महिने या हिरव्यावरून हलू नका." मी त्याच्यासमोरच डायल फिरवून एमवर नेला. एम म्हणजे सगळं आपण ठरवायचं. माझे निर्णय एखाद्या कंपनीनं घ्यावेत, हे मला मान्य नव्हतं.

हे वळण बाबांचं. आमचं घर तलावावर मासे धरणाऱ्यांचं. बाबा जाळी विणायचे आणि पत्रकं लिहायचे. आमचा तलाव कोणाला द्यायचा हे परक्यांनी कायले ठरवायचं, हा त्यांच्या प्रत्येक पत्रकातला पहिला प्रश्न. गुलाबी-पिवळ्या कागदावरची ती पत्रकं वाटतच मी मोठी झाले. अड्याळच्या बाजारात कोणी त्यात भजी बांधली की मी भांडायला उभी राहायची. "आधी वाचा, मग खा!"

गेल्या वर्षी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. नागपूरला. त्यानंतर जाळं फेकायचं नाही, कधीच नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. निघायच्या दिवशी सकाळी बाबांनी खुंटीवरचं फेकजाळं काढलं.

"डॉक्टरनं नाही म्हटलं ना तुमाले?" आई दारातच आडवी आली.

"ऑपरेशननंतर नाही म्हटलं. ऑपरेशन झालं काय अजून?"

"पत्रक लिहून लिहून वकील होऊन राहिले तुम्ही!"

"एकच फेक. मंग तुया म्हणण्यानं."

मी कॅमेरा घेऊन मागे पळाले. बाबांचा जाळं फेकतानाचा एकही फोटो आमच्याकडे नव्हता. रोजच्या कामाचा फोटो कोण काढतो? पण आता हे शेवटचं होतं, आणि ते मला हवं होतं.

बाबा गुडघाभर पाण्यात उतरले. जाळ्याची एक कड दातात धरली, अर्धं जाळं कोपरावर घेतलं, कमरेतून वळले. जाळं हवेत उघडलं, थाळीसारखं गोल, आणि सगळं एकदम पाण्यावर टेकलं. मी बटण दाबून धरलं होतं. अकरा फोटो.

ओढणीची सावली करून स्क्रीन पाहिली. पांढरं. पुढचा, पांढरा. त्याच्या पुढचाही.

आदल्या संध्याकाळी मी ट्रंकेतल्या जुन्या पत्रकांचे फोटो काढले होते. घरातल्या एका बल्बच्या उजेडात अक्षरं दिसेनात, म्हणून आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची ताकद, खूप वर चढवली होती, शटर अगदी हळू केलं होतं. बाबा नागपूरला जाण्याआधी त्यांचं लिहिलेलं सगळं जपून ठेवायचं होतं मला. सकाळी उन्हात यातलं काहीच बदललं नाही. हिरव्या चौकोनानं ते एका क्षणात बदललं असतं.

"बाबा, अजून एकदा फेका ना."

ते जाळं ओढत होते. आत दोन रोहू होते. "काहून वो? दोन झाले ना जेवणापुरते."

"फोटोसाठी."

ते हसले, पण मान हलवली. आमच्यात दाखवायला म्हणून जाळं फेकत नाहीत. भूक असेल तरच पाण्यापुढे हात करायचा. मला हे लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणून दुसऱ्यांदा म्हणवलं नाही.

"वापस आल्यावर तलावाच्या पाळीवर बसवून काढजो," ते म्हणाले. "तवा तर बसूनच राहीन मी."

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी ते गेले.

भिंतीवर लावायला आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. त्यात बाबा घाबरल्यासारखे दिसतात. आयुष्यभर ज्या कचेऱ्यांशी भांडले, त्यांच्याच कॅमेऱ्यापुढे डोळे ताणून बसलेले. तेरवीच्या दिवशी आई त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिली.

"हे असे नव्हते," ती म्हणाली. "तू तलावावर काढले होते ना? ते काहून नाही लावत?"

मी खरं बोलायला शिकले ते बाबांच्या पत्रकांतून. चूक आपली असेल तर आपल्या नावानं कबूल करा, असं त्यांनीच एकदा छापलं होतं.

"कॅमेऱ्यातलं कार्ड खराब निघालं," मी म्हणाले. "कंपनीचं."

आईनं डोळ्याला पदर लावला. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"मंग काढ न वो एक पत्रक त्या कंपनीच्या विरोधात," ती म्हणाली. "तुया बापानं सोडलं नसतं त्याईले."