बाईंच्या अँप्लिफायरची चोरी

मालवण किनाऱ्यावरच्या एका पोलीस ठाण्याचा मी प्रभारी होतो, तेव्हाची एक घरफोडी माझ्या मनातून अजून गेलेली नाही. चोरीला एकच वस्तू गेली होती, गाणी ऐकायचा जुना अँप्लिफायर. त्या तपासात भेटलेल्या तीन माणसांचा मी आजही ऋणी आहे. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही.

फिर्यादी बाई ख्रिस्ती समाजातल्या, निवृत्त शिक्षिका, घरात एकट्याच. यजमान जहाजावर नोकरीला होते. परदेशातल्या एका बंदरात त्यांनी हा उंची अँप्लिफायर जुन्या मालातून पारखून घेतला आणि सुटीत घरी आणला. पुढे ते वारले. बाईंची नजर अधू झाली, वाचन सुटलं. तेव्हापासून दुपारी यजमानांच्या रेकॉर्ड ऐकणं एवढाच त्यांचा विरंगुळा उरला होता. आठवडाभर त्या लेकीकडे गोव्याला गेल्या. परत येऊन पाहतात तो स्पीकर जागच्या जागी, कपाट शाबूत आणि अँप्लिफायर गायब.

पंचनाम्यात कुलूप तुटलेलं आढळलं नाही. दुसरी किल्ली शेजारच्या मच्छीमाराकडे होती. माझा तपास तिथेच अडकला. किल्ली त्याच्याकडे, म्हणजे काम त्याचंच, असं मी धरून चाललो.

जबाब देता देता बाई एकदम मालवणीवर आल्या. "सायबानु, तो असा करूचो नाय. माझ्या घोवाक खांदो दिलेलो तेना."

यजमानांना खांदा देणारा असं करणार नाही, हे त्यांचं म्हणणं मी लिहून घेतलं आणि त्याला बोलावलं. चार दिवस तो रोज सकाळी येऊन ठाण्यातल्या बाकावर बसला आणि संध्याकाळी घरी गेला. होडी किनाऱ्यावर तशीच पडून. मी तेच प्रश्न फिरवून फिरवून विचारले. हात लावला नाही, पण आवाज चढवला. तो दर वेळी एकच सांगायचा, "माका म्हायत नाय, सायब. मी फक्त झाडांका पाणी घातलंय."

पाचव्या दिवशी कुडाळहून फोन आला. बोलणारे रेडिओ, अँप्लिफायर दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री होते. "सायब, मालवणच्या बाईंचा मशीन माझ्या टेबलार आसा. बाईंक फोन केलंय, तेव्हा कळला चोरीक गेलेला ता."

मी लगेच निघालो. झालं होतं असं: एका प्राध्यापकांना घरच्या हाय-फाय संगीतसंचासाठी चांगला जुना अँप्लिफायर हवा होता. मोबाइलवर त्यांना जाहिरात दिसली. मिस्त्रींनी तपासल्याशिवाय घेणार नाही, ही त्यांची अट. विकणाऱ्याने नाइलाजाने मशीन एक दिवस दुकानात ठेवलं.

"बाहेरून चकचकीत दिसता म्हणान जुनो अँप्लिफायर घेव नये," म्हणत मिस्त्रींनी मला आपली रीत दाखवली. आधी झाकणाचे स्क्रू बघायचे. खाचा घासलेल्या असतील तर आत कुणाचा तरी हात फिरलाय. मग आतला वास घ्यायचा. जळका वास, फुगलेले कपॅसिटर, खाऱ्या हवेने चढलेला हिरवा गंज, यातलं काही असलं तर सावध. आवाजाचं बटण हळू फिरवून खरखर ऐकायची. शेवटी पाऊण तास वाजवून किती तापतो ते हाताने पाहायचं. मग त्यांनी मशीन फिरवलं. मागे स्पीकरची वायर अडकवायच्या टर्मिनलपैकी एक पितळेचा होता.

"मूळचो खाऱ्या वाऱ्यान सडलो. तसो खंय मिळना. म्हणान बाईंसाठी होडयेच्या इंजिनाच्या वर्कशॉपात मीच ह्यो करून घेतलंय."

ते गप्प राहिले असते, तर कुणालाही पत्ता लागला नसता.

प्राध्यापकांनी 'व्यवहार ठरवू' म्हणून त्या माणसाला बोलावलं आणि साध्या वेशातल्या हवालदारांनी त्याला ठाण्यात आणलं. तो इन्व्हर्टर बसवायची कामं करायचा. बोलण्यात तयार. मशीन कोल्हापूरला घेतलं, दोन वर्षं घरी वाजवतोय, असं त्याने न अडखळता सांगितलं.

मी विचारलं, "बटण दाबल्यावर आवाज कधी येतो?"

"लगेच येतो की, साहेब."

मी अँप्लिफायर टेबलावर ठेवून बटण दाबलं. काहीच झालं नाही. काही सेकंद गेले आणि आतून 'टक्' असा आवाज आला. तो दचकला. स्पीकर जळू नयेत म्हणून आतला स्विच असा उशिरा जोडला जातो, हे मिस्त्रींनी मला दाखवलं होतं. दोन वर्षं रोज ऐकणाऱ्याला तो 'टक्' ठाऊक नसणं शक्यच नव्हतं. त्याने पाणी मागितलं आणि गुन्हा कबूल केला. बाईंकडे इन्व्हर्टर बसवताना त्या गोव्याला जाणार असल्याचं त्याच्या कानावर आलं होतं. मागच्या खिडकीची कडी त्याने तेव्हाच काढून ठेवली. चोरीनंतर खिडकी ओढून घेतली. पंचनाम्याच्या वेळी आमच्यापैकी कुणी त्या कडीला हात लावून पाहिलंच नव्हतं. मीही नाही.

न्यायालयाच्या आदेशाने मुद्देमाल बाईंना परत मिळाला. मिस्त्रींनी स्वतः येऊन तो जोडून दिला. बाईंनी शेजाऱ्याला बोलावणं धाडलं. तो येऊन पायरीवरच उभा राहिला. मी उठून त्याच्यासमोर गेलो आणि म्हणालो, "माझं चुकलं."

तो खाली बघत म्हणाला, "सायब, तुम्ही माका हात लावलास नाय, ता खरा. पण चार दिवस बाईंच्या तोंडाकडे बघूक माका लाज वाटली. चोरी केलंय नाय, तरी."

तेवढ्यात बाई आतून म्हणाल्या, "अरे, भायर कित्याक रवलंस? आत ये. सायबांकाय घेवन ये."

तो आत आला, बाकावर बसला आणि सरकून त्याने माझ्यासाठी जागा केली. मिस्त्रींनी रेकॉर्ड लावली आणि आम्ही चौघांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

निवृत्तीनंतर मीही एक जुना अँप्लिफायर घेतला. मिस्त्रींनी पाऊण तास वाजवून 'घेवा' म्हटलं, तेव्हाच. यंत्र असं उघडून पारखता येतं. माणसाच्या बाबतीत त्याच्या शेजारी आयुष्य काढलेल्यांना विचारावं लागतं. बाईंनी तर मी न विचारताच पहिल्या दिवशी खरं सांगितलं होतं. ते मी जबाबात शब्द न् शब्द लिहून घेतलं, खाली त्यांची सही घेतली आणि ऐकलं मात्र नाही. तरीही त्या तिघांनी मला आपल्यात बसवून घेतलं. नोकरीत बक्षिसं मिळाली, पण एवढं मोठं मला दुसरं काही मिळालं नाही.